बस म्हणेपर्यंत

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

विश्वजीत,

हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तुरुंगाच्या कार्यालयात उघडलं जाईल. उघडणाऱ्याला माझा नमस्कार. मी गावोगाव माईक धरून बोलत आलेली बाई आहे, तिसऱ्या माणसासमोर बोलायचा मला संकोच नाही.

आजी गेली. तुला ते त्याच दिवशी कळवलं होतं. साहेबांनी बंदोबस्तात अंत्यदर्शनाची परवानगी दिली, गाडी तयार होती, आणि तू बसायला नकार दिलास. शिपाई तुझा निरोप घेऊन आला. "ते म्हणत्यात, आजी मेली नाय. आज दुपारीच येऊन गेली."

मी तो माझ्यावरचा राग समजले. मी तुझ्याविरुद्ध साक्ष दिली, म्हणून तू दोन वर्षं मुलाखतीला बाहेर येत नाहीस, माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस. तुझा तो हक्क आहे. पण आपल्यात गैरसमज नको, म्हणून पुन्हा लिहिते. बिडकीनहून माझी सभा आटोपून आपण परत येत होतो. गाडी तू चालवत होतास, तू प्यायलेला होतास आणि सायकलवरचा सांडू मेला. काका दुसरा ड्रायव्हर उभा करणार होते. मी कोर्टात उभी राहून खरं सांगितलं. उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.

आजीचं सांगते. तुला वाटत असेल तिला त्रास झाला. तसा झाला नाही. शेवटचे काही दिवस ती फक्त एक करायची. पडल्यापडल्या उजवा हात वर उचलायची, तळवा जरा तिरका, आणि विचारायची, "बस?"

मी शेजारी खुर्चीवर असायचे. म्हणायचे, "बसलेय गं आजी." ती ऐकून घ्यायची, पण हात खाली घ्यायची नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "बस?" मी खुर्ची आणखी जवळ ओढायचे. मला वाटलं तिला एकटं पडायची भीती वाटतेय. गेली तेव्हाही हात वरच होता. तो खाली घ्यायला शेजारच्या संघपालदादांना बोलवावं लागलं. ते नुसतं म्हणाले, "बाईंचं काम अर्धं राहिलं जनू."

माझ्याशी बोलू नकोस. पण आजी गेली, एवढं मान्य कर.

राजनंदिनी

•

२ फेब्रुवारी

विशू,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनंतरचं पहिलं कार्ड आणि त्यात माझ्यासाठी एकच वाक्य: "ताई, आजीला सांग, जिना चढताना कठड्याला धरत जा." पोस्टाचा शिक्का २० जानेवारीचा आहे. आजीला जाऊन तेव्हा तीन आठवडे उलटले होते.

उरलेलं कार्ड मी पुन्हापुन्हा वाचलं. तू लिहितोस, तुझ्या बराकीची भिंत उत्तरेकडची, तिथं ऊन कधीच येत नाही. पण तू आत गेलास तेव्हापासून रोज दुपारी तिच्यावर एक कवडसा येतो. आधी खाली, फरशीला लागून. मग हळूहळू वर सरकतो. बाकीच्यांना दिसत नाही. तो आजी गच्चीवरून आरशानं टाकते, कारण दुसऱ्या कुणाला तसा टाकता येणार नाही.

यातलं खरं ते मी नाकारणार नाही. आजी गच्चीवर जायची. तुला शिक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, जेवण झालं की कपाटातला मोठा आरसा पदराखाली घेऊन वर. मी विचारलं तर म्हणाली, "केस वाळवाया." तिच्या डोक्यावर मूठभर केस होते. मी जास्त विचारलं नाही, कारण त्या दिवसांत आमचं बोलणं तुटक होतं. कोर्टातून आले त्या संध्याकाळी तिनं मला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "तू खरं बोललीस. लई झाक केलंस. पण बोललेलं ऐकू येतं राजू, दिसत नाय. त्याला दिसाया पायजे."

आणि तिला उजेड टाकता यायचा, हेही खरं. अजिंठ्याच्या लेण्यांत वीज यायच्या आधी आजोबा बाहेर उन्हात पांढरा पत्रा धरून आतल्या चित्रांवर उजेड टाकायचे. ते तापानं झोपले आणि एकोणीस वर्षांची द्वारका त्यांच्या जागी उभी राहिली. पहिल्याच महिन्यात पत्रा पायावर पडून डाव्या पायाची करंगळी गेली. चिंधी बांधून पुन्हा उभी. आजोबा गेल्यावर ती शहरात आली, टॉकीजमध्ये बायकांच्या बाल्कनीत बॅटरी घेऊन खुर्च्या दाखवायची. चोरून वर आलेल्या पुरुषांच्या डोक्यात तीच बॅटरी घालायची. मग तुरुंगात बायकांच्या विभागात शिपाई झाली, निवृत्तीपर्यंत. ज्या भिंतींच्या आत तू आहेस, त्यांना तिनं कंदील दाखवलाय. म्हातारपणी पापड लाटले, डबे दिले, नगरसेवकाच्या निवडणुकीला उभी राहिली. चिन्ह बॅटरी. पडली.

शोकसभेत मी म्हणाले की ही बाई जन्मभर दुसऱ्यांच्या अंधारात उजेड नेत राहिली. मागच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "नेला ना. आन् वरून शिव्या बी दिल्या." सगळे हसले, मीही हसले.

पण विशू, आता ती नाही. आपल्या गच्चीतून तुझी बराक दिसतही नाही. मध्ये पाण्याची टाकी आहे, पलीकडे नवी चार मजली इमारत. मेलेली माणसं परत येत नाहीत, हे मी कडूबाच्या वाडीपासून विद्यापीठापर्यंत सांगत आलेय. तुला वेगळं सांगणार नाही.

ताई

•

१६ फेब्रुवारी

विशू,

तुझ्या कार्डामुळे मला दोन दिवस झोप आली नाही, आणि त्याचा मला रागच आला.

मला वाटलं होतं उजेड तुझ्यावर पडतो. तू लिहितोस, तो भिंतीवर पडतो आणि भिंतीवर कुणीतरी आहे. कवडसा जिथवर चढतो तेवढंच दिसतं. दिवाळीपर्यंत नुसते पाय दिसत होते. एका पायात चप्पल, दुसरा उघडा. आता गुडघे दिसतात, सिमेंट लागलेली पँट दिसते. हल्ली रोज बोटभर वर. म्हणून तू फर्लोवर यायला नाही म्हणतोस. एकवीस दिवसांची रजा मंजूर होऊन पडली आहे, आणि तू म्हणतोस, चेहरा दिसेपर्यंत मी इथून हलणार नाही.

आता मी जे लिहिते ते थंड डोक्यानं वाच. सांडू सेंट्रिंगचं काम करायचा. त्याची एक चप्पल रस्त्यावर सापडली, हे पंचनाम्यात आहे. पँटीवर सिमेंट होतं, हे डॉक्टरांच्या अहवालात आहे. दोन्ही कागद कोर्टात तुझ्यासमोर वाचले गेले. तुझं मन तुला तेच पुन्हा दाखवतंय. अपराधाचा भार असाच काम करतो. त्यासाठी भूत लागत नाही.

मी प्रयोगही केला. आरसा घेऊन भर दुपारी गच्चीवर गेले. कवडसा पाण्याच्या टाकीवर पडतो, तिच्या पुढे जातच नाही. मग मी आरसा काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आणि किल्ली संघपालदादांकडे दिली. सोमवारपासून आरसा बंद आहे. उजेड आजीचा असेल तर तो थांबायला हवा. थांबला का, ते कळव.

तुरुंगातल्या डॉक्टरीणबाई मला भेटल्या. चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, भाऊ असाच भिंतीसमोर बसून राहिला तर त्याला मनोरुग्णालयात पाठवावं लागेल, आणि रजेचा आदेशही मार्चअखेर संपेल. विशू, मला तू घरी हवा आहेस. एकवीस दिवस का होईना. तुझ्या हातानं आजीच्या फोटोला हार घाल, तिची रिकामी खाट बघ, म्हणजे ती गेली हे तुला पटेल. मला दुसरं काही नको.

परवा महाविद्यालयात अंधश्रद्धेवर बोलत होते. भर भाषणात माझ्या पायाशी, चपलेच्या टोकाजवळ, उजेडाचा एक तुकडा येऊन थांबला. कुणा पोराचा मोबाइल चमकला असेल. मी पोरांना दटावलं. सगळ्यांचे हात रिकामे होते. हे उगाच लिहिलं, सोडून दे.

ताई

•

९ मार्च

विशू,

आरसा बंद करूनही उजेड आला, असं तू कळवलंस. कंबर दिसली, शर्टाची तुटलेली गुंडी दिसली. मी या गोष्टीवर वाद घालणार नाही. मला आज दुसरं सांगायचं आहे.

काल वहिदाखाला आल्या होत्या. तुला आठवणार नाहीत. अजिंठ्याला करीमचाचा पहारेकरी होते, त्यांची ही मुलगी. उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. आजी गेल्याचं त्यांना उशिरा कळलं. खाटेकडे बघत चहा पीत होत्या. मी आजीचे शेवटचे दिवस सांगितले. हात वर, तळवा तिरका, आणि "बस?" म्हणून विचारणं. मी जवळ बसायचे, तेही सांगितलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "तू बैठ गई?"

"हो. एकटं वाटत असेल म्हणून."

"अगे बाई. बस म्हंजे बैठ नव्हं. बस म्हंजे बस. पुरे. हो गया."

मग त्यांनी लेण्यातलं काम समजावलं. इतकी वर्षं मी आजीवर सभांमधून बोलतेय, पण हे मला माहीत नव्हतं. उजेड टाकणारा माणूस बाहेर उन्हात उभा असतो, नजर उन्हावर आणि पत्र्यावर. आतलं चित्र त्याला दिसत नाही. उजेड आधी चित्राच्या पायाशी टाकायचा, मग सावकाश वर न्यायचा. "एकदम तोंडावर टाकला तर तस्वीर दचकती, असं द्वारका म्हणायची. आम्ही हसायचो." चेहऱ्यावर पोचला की हात तसाच धरून ठेवायचा. आत बघणाऱ्याचं मन भरलं की तो ओरडणार, "बस." करीमचाचांचा तो शब्द, आजीनं त्यांच्याकडून घेतला. आतून बस ऐकू आल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही. खांदा भरून आला की बाहेरून विचारायचं, "बस?" आणि उत्तराची वाट बघायची.

"एक बार कोई साहब लोक आत बोलत बैठले, बस बोलायचं विसरले," वहिदाखाला म्हणाल्या. "ती सूरज ढळेपर्यंत उभी. अब्बांनी बघितलं तवा हात लाकूड झालेला. अब्बा बोलले, पगली, उतार दे. ती बोलली, आतल्यानं म्हटलं नाय."

"मग मी आता म्हणू का, बस?"

"तुला दिसतंय का काय?" त्यांनी विचारलं. "ज्याला दिसतंय त्यानं बोलायचं. उजेडाच्या वाटेत तर कुणी उभं बी राहायचं नाय. बाजूनं जायचं."

मी अजूनही म्हणते की मेलेली माणसं परत येत नाहीत. पण शब्दाचा अर्थ चुकला की माणूस किती चुकतो, ते मला कळतं. मी भाषेवर पोट भरते. माझ्या आजीनं मला प्रश्न विचारला आणि मी खुर्ची ओढली.

म्हणून तुला विनंती आहे. तुझा विश्वास आहे, माझा नाही, तरी तुझ्या विश्वासाच्या भाषेत सांगते. भिंतीसमोर उभा राहा आणि म्हण, "आजी, बस." उजेड जाईल. मग रजेच्या कागदावर सही कर आणि घरी ये. मार्च संपायला तीनच आठवडे उरलेत.

ताई

•

१० मार्च

विशू,

कालचं पत्र टाकून आले आणि दिवसभर स्वतःशीच भांडले. ते तुझ्या हाती पोचलं असेल तर त्यातलं शेवटचं मानू नकोस.

त्या संध्याकाळी मी ओरडले म्हणून तू गाडी थांबवलीस. मी उतरले, आणि तू गाडी घेऊन निघून गेलास. म्हणून तू सांडूचा चेहरा पाहिला नाहीस. मी पाहिला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. कोर्टात मला गाडीचा वेग विचारला, तुझ्या तोंडाचा वास विचारला, रस्त्यावरचा उजेड विचारला. चेहरा कुणीही विचारला नाही, म्हणून मी सांगितला नाही.

जिनं खऱ्यासाठी सख्खा भाऊ तुरुंगात धाडला, तिनंच त्याला म्हणावं की चेहरा दिसायच्या आत डोळे मीट आणि घरी ये? ते मला जमणार नाही. तू घरी यावास म्हणून मी जीव टाकतेय, तरी जमणार नाही. मनोरुग्णालयात धाडतील, धाडू देत. मी तिथं येईन, बाहेर बसून राहीन.

ते तुझ्या मनातून येत असेल किंवा आणखी कुठून. बघ. पूर्ण बघ. मन भरेल तेव्हाच म्हण.

ताई

•

२५ मार्च

विशू,

तुझं कार्ड आज दुपारी आलं. मी ते उभ्यानं वाचायला घेतलं आणि मग बसले.

चेहरा दिसला, असं लिहिलं आहेस. तुला वाटलं होतं तो रागानं बघत असेल. तो तुझ्याकडे बघतच नव्हता. थकलेला होता, कामावरून घरी निघालेला माणूस दिसतो तसा. डाव्या कानावर सुतारी पेन्सिल खोचलेली, लाल रंगाची, मागचं टोक चावलेलं. तू त्याच्यासमोर बसून मनात होतं ते सगळं बोललास. काय बोललास ते लिहिलं नाहीस, मी विचारणार नाही. मग म्हणालास, "आजी, बस." उजेड विझला नाही, भिंतीवरून उतरला, फरशीवरून सरकत गजांतून बाहेर गेला. तू सही केलीस. गुरुवारी सकाळी सोडतील.

आता एक सांगते. कार्यालयात वाचणाऱ्यांनीही ऐकावं.

ती पेन्सिल पंचनाम्यात नाही. डॉक्टरांच्या अहवालात नाही. मी सांडूचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा ती माझ्या हाताला आणि त्याच्या कानामागे टोचत होती. त्याला दुखू नये म्हणून मी ती काढली आणि ती नकळत माझ्या पर्समध्ये गेली. घरी आल्यावर सापडली. मी ती कधी कुणाला दाखवली नाही, आजीलासुद्धा नाही. या क्षणी ती माझ्यासमोर टेबलावर आहे. लाल आहे. मागचं टोक चावलेलं आहे.

मी वीस वर्षं लोकांना सांगत आले की याला पुरावा काय. आज पुरावा माझ्यासमोर पडलाय आणि कशाचा ते मला सांगता येत नाही. गुरुवारनंतर मी पुन्हा सभेला उभी राहीन तेव्हा काय बोलेन, माहीत नाही. खोटं बोलणार नाही एवढं माहीत आहे.

आणखी एक लिहायचं आहे.

मी आतल्या खोलीत बसले आहे, आजीच्या खाटेजवळच्या त्याच खुर्चीवर. या खोलीला खिडकी नाही, तुला माहीत आहे. दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि आज मी तो लावलेला नाही. तरी मला कागद दिसतो आहे. तुझं कार्ड बाहेर वाचून इथं येऊन बसले तेव्हा दारातून उजेड आत आला. आधी माझ्या पायाशी थांबला, मग पुढे सरकला, आता समोरच्या भिंतीला लागला आहे, खाली, फरशीजवळ.

तिथं पाय उमटले आहेत. बाईचे, अनवाणी, टाचांना भेगा पडलेले. डाव्या पायाला करंगळी नाही.

जन्मभर ती उजेडाच्या मागे उभी राहिली, तिच्यावर तो कुणी टाकला नव्हता. मला तिचा चेहरा बघायचा आहे. मी घाई करणार नाही. मला आता त्या शब्दाचा अर्थ कळतो, वेळ झाली की मीच म्हणेन.

फक्त एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कपाटाची किल्ली अजून संघपालदादांकडेच आहे. आणि आजी इथं भिंतीवर आहे, तर बाहेर उन्हात हात वर धरून कोण उभं आहे?

दार उघडं ठेवते आहे. गुरुवारी येशील तेव्हा भिंतीच्या कडेनं आत ये. उजेडाच्या वाटेत उभा राहू नकोस.

तुझी
ताई